मनाच्या आजाराचा डॉक्टर नागपुरात कसा शोधायचा, आणि सुरू झालेली गोळी कशी सांभाळायची

सक्करदऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. प्रतापनगरच्या एक ताई महिन्यातून दोनदा माझ्याकडे येतात. वाटेत औषधाची किती दुकानं लागत असतील याचा हिशेब नाही. मी कधी विचारलं नव्हतं, एकदा त्यांनीच सांगितलं. "भाऊ, आमच्या गल्लीतला दुकानदार माझ्या जावेला ओळखतो." चिठ्ठीवर उदासीनतेच्या आजाराची एक गोळी असते, बस. बीपीची गोळी त्या गल्लीतल्याच दुकानातून घेतात.

आपल्याकडे मनाच्या आजाराचा उपचार इथून सुरू होतो. आजाराच्या आधी माणूस तो लपवायच्या कामाला लागतो. म्हणून कुणाला विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून चुकीच्या दारात जाऊन वर्ष-दोन वर्षं घालवतो. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने देशभर सर्वेक्षण केलं होतं. मनाचा आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात दिसलं. जे पोचतात त्यांचं पुढे काय होतं, ते मला रोज काउंटरवर दिसतं. सुरू झालेला उपचार दोन ठरलेल्या जागी तुटतो. पहिली जागा आठवा-दहावा दिवस. दुसरी जागा, चांगलं बरं वाटायला लागलं तो महिना. या दोन जागा आधीच माहीत असल्या तर बरंच काही वाचतं.

पण आधी डॉक्टर कोणता, ते पाहू. पाटीवर 'मानसोपचारतज्ज्ञ' लिहिलेलं असलं तर त्यावरून काही कळत नाही. हा शब्द एमडी झालेले डॉक्टर वापरतात आणि सायकॉलॉजिस्टही वापरतात. शब्द सोडा, खालची पदवी वाचा. सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात तीन वर्षांचं एमडी किंवा दोन वर्षांचा डीपीएम डिप्लोमा. काही जण डीएनबी असतात, तीही एमडीच्या बरोबरीची पदवी. या आजारांची गोळी ठरवणं, बदलणं, बंद करणं हे यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळी लिहीत नाहीत. मानसशास्त्रात एमए करून पुढे दोन वर्षांचं एमफिल, तेही रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करून, असं बहुतेकांचं शिक्षण असतं. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही, उलट लगेच सांगतो. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासताही येतं.

तिसरे समुपदेशक. इथे जरा जपून. एमए किंवा समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे समुपदेशक मी ओळखतो. आणि चार रविवारचा कोर्स करून भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलेही असतात. 'काउन्सिलर' हा शब्द पाटीवर लिहायला कुणी अडवत नाही. म्हणून शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम केलं आणि कुणाच्या देखरेखीखाली शिकलात, हे पहिल्या फोनवरच विचारावं.

आधी कुणाकडे जायचं? माझा ठोकताळा साधा आहे. झोप-भूक पार बिघडली, आंघोळ करणंही जड झालं, नसलेले आवाज ऐकू येतात, घरचे जेवणात काहीतरी घालतात असा संशय येतो, किंवा उलटंच, तीन-तीन रात्री न झोपताही माणूस तरतरीत आहे आणि पैसा उधळतो आहे, तर आधी सायकियाट्रिस्ट. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. आणि काम चालू आहे, जेवण चालू आहे, पण नवरा-बायकोचं पटत नाही, कुणी गेल्याचं दुःख सरत नाही, परीक्षेच्या नावाने छातीत धडधडतं, अशा वेळी बोलण्याच्या उपचारापासून सुरुवात करायला हरकत नाही. सौम्य उदासीनतेत नुसत्या बोलण्याच्या उपचाराने पुष्कळांना बरं वाटतं. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर दोन्ही एकत्र चांगले चालतात.

'करमत नाही' हा आपला शब्द फार कामाचा आहे. चार दिवस करमत नाही, हे सगळ्यांचं होतं. सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ करमत नाही, आवडीच्या गोष्टीतही जीव लागत नाही, असं झालं की डॉक्टरला दाखवावं. त्याला 'डिप्रेशन' म्हणायचं की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. जीव घाबरा होतो, डोकं बधिर होतं, पोटात गोळा येतो, हे सगळं डॉक्टरला कळतं. इंग्रजी शब्द शोधत बसू नका.

आता नागपुरात जायचं कुठे. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. मिहानमधल्या एम्समध्येही आहे. हिंगणा रस्त्याला डिगडोहचं लता मंगेशकर हॉस्पिटल आहे. आणि छिंदवाडा रस्त्यावरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी राज्यात चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं हे आपलं, १८६४ सालचं. त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. ऑटोवाल्याला तसं सांगितलं की तो मागे वळून बघतो, आणि माणूस उतरायच्या आधीच अर्धा खचतो. मला हा शब्द मनापासून खटकतो. तिथे जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. माणूस सकाळी येतो, केस पेपर काढतो, तपासून गोळ्या घेतो आणि दुपारी घरी जेवायला जातो.

सरकारी ओपीडीत गर्दी असते हे खरं. पण वैद्यकीय महाविद्यालयात एक सोय असते, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. तिथे शिकणारा निवासी डॉक्टर नव्या रुग्णाची हकीकत सविस्तर लिहून घेतो आणि मग वरिष्ठांना दाखवतो. खासगीत दहा मिनिटांत उरकतं, ते इथे कधी कधी पाऊण तास चालतं. सकाळी लवकर जा आणि दिवस मोकळा ठेवा. खासगीत जायचं तर धंतोली आणि रामदासपेठेत दवाखाने आहेतच. निवडताना फीइतकीच एक गोष्ट महत्त्वाची. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा जाऊ शकाल, एवढ्या अंतरावर आणि एवढ्या खर्चात ते बसलं पाहिजे. फार मोठ्या नावाच्या डॉक्टरची पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळत असेल, तर सुरुवातीला त्याचा उपयोग कमी.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. त्रास केव्हापासून, झोप किती तास, चालू असलेली सगळी औषधं (आयुर्वेदिक काढा आणि दुखण्याची गोळीसुद्धा), आणि घरात कुणाला असा आजार होता का. पूर्वी कधी उलटा काळ आला होता का, म्हणजे झोप न लागताही अति उत्साह, अति बोलणं, अति खर्च, हे आवर्जून सांगा. तो काळ बायपोलर आजाराचा असू शकतो, आणि तशा माणसाला नुसती उदासीनतेची गोळी दिली तर उत्साह पुन्हा उसळू शकतो. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट असतील तर तेही न्या. थायरॉइड मंदावला तरी माणूस उदासीनतेच्या रुग्णासारखाच दिसतो.

थेरपी, म्हणजे बोलण्याच्या उपचाराबद्दल, थोडक्यात. आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते एक तास, असं साधारण चालतं. सीबीटी नावाची पद्धत घेतली तर ठरावीक बैठकांचा बेत असतो, आणि घरी करायला काम देतात. त्यात सल्ल्याचा भाग कमी असतो. मनात आपोआप येणारा विचार पकडायचा, तो तपासायचा आणि त्यावर वागून पाहायचं, हे शिकवतात. तीन-चार बैठकांनंतर त्या माणसासमोर मोकळं बोलता येत नसेल, तर तसं त्यालाच सांगून दुसरा शोधावा. यात कुणाचा अपमान होत नाही. ज्या भाषेत तुम्हाला रडू येतं, त्या भाषेत बोलू देणारा माणूस शोधा. वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीला शुद्ध मराठीतले प्रश्न विचारले की ती 'हो, हो' म्हणून मोकळी होते.

आता गोळी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

उदासीनता आणि चिंतेसाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशी औषधं जास्त लिहिली जातात. ही मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. रसायनात फरक काही तासांत पडतो, पण मेंदूला त्या फरकाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. म्हणून मनाला गुण यायला २ ते ६ आठवडे जातात. मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं, आतून अस्वस्थ वाटणं हे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे दहाव्या दिवशी माणसाच्या हातात त्रास सगळा आणि फायदा शून्य. "ह्या गोळीनं तर आणखीनच बिघडलं," म्हणत तो गोळ्यांचा पत्ता कपाटात टाकतो. पहिली तुटायची जागा ती हीच. यातला बराचसा त्रास दोन आठवड्यांत ओसरतो. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची का, हे डॉक्टरला विचारता येतं. फोन करा, गोळी टाकू नका. लैंगिक इच्छा कमी होणं हाही या गोळ्यांचा परिणाम असतो, आणि लाजेपोटी तो कुणी सांगत नाही. गुपचूप गोळी बंद करणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांचं कारण हेच असतं. डॉक्टरकडे त्यावर उपाय असतात.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थपणा आणि जीव देण्याचे विचार वाढू शकतात. त्या दिवसांत घरच्यांनी लक्ष ठेवावं, गोळ्या आपल्याकडे ठेवाव्यात, आणि वागणं एकदम बदललं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठावं.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची जात वेगळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांचा गुण त्याच रात्री येतो, म्हणून लोकांचा यांच्यावर विश्वास लवकर बसतो. सवयही लवकर लागते. मूळ औषधाचा गुण यायच्या आधीचे दोन-चार आठवडे निभावायला डॉक्टर ही देतात. माझी सख्खी मावशी मात्र एकाच जुन्या चिठ्ठीवर आठ वर्षं अल्प्राझोलाम घेत राहिली. कुणी ना कुणी आणून द्यायचं. एका रात्री बाथरूमला जाताना झोक गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी स्वतः औषधाच्या धंद्यात, आणि मला ते हाड मोडल्यावर कळलं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे सरकारच्या एका कडक यादीत येतात. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या, याची नोंद दुकानदाराला तीन वर्षं ठेवावी लागते. तेव्हा दुकानदार चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्यावर चिडू नका. आणि वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम सोडूही नका, फिट येऊ शकते. ती हळूहळू कमी करत उतरवतात.

दुसरी तुटायची जागा. "आता बरं वाटून राहिलं ना भाऊ, मग काहून घ्यायची?" हा प्रश्न मी हजारदा ऐकला असेल. बरं वाटतं आहे ते गोळीच्या आधाराने. हाड जुळेपर्यंत प्लास्टर ठेवतो, तसंच हे. उदासीनतेचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर त्याहून जास्त. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असा त्रास होतो. लोकांना वाटतं गोळीचं व्यसन लागलं. तसं नसतं. मेंदूला सावरायला वेळ मिळालेला नसतो. सावकाश कमी केली तर हा त्रास फारसा होत नाही.

आणि नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल. बायपोलर आजारात लिथियम फार चांगलं औषध आहे, पण त्याचं रक्तातलं प्रमाण नेमकं लागतं, साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान. ते दीडच्या वर गेलं की विषासारखं वागू लागतं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

चार वर्षांपूर्वी उमरेडकडचे एक काका दुकानात आले, दुपारी दोन वाजता. पैसे मोजताना त्यांच्या हातातल्या नोटा फडफडत होत्या. पंख्याने असेल असं वाटलं, तर पंखा बंद होता. "उन्हानं हात थरथरून राहिला," म्हणाले, आणि बोलताना जीभ जड होती. दोन दिवसांपासून जुलाब, पाणी कमी, आणि गुडघ्यासाठी शेजाऱ्याने दिलेली डायक्लोफिनॅकची गोळी चालू. पिशवीतल्या गोळ्यांच्या जुन्या पत्त्यावर लिथियम दिसलं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. मी त्यांच्या मुलाला फोन केला आणि ऑटोत बसवून त्यांना थेट कॅज्युअल्टीत पाठवलं. ते वाचले. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावं, मीठ एकदम तोडू नये, निर्जळी उपवास किंवा रोजा धरायच्या आधी डॉक्टरला विचारावं. हात थरथरणं वाढलं, चाल डगमगली, उलटी-जुलाब झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते. सकाळची गोळी घेऊन तपासणीला गेलात तर आकडा खोटा येतो. मूत्रपिंड आणि थायरॉइडचीही तपासणी ठरल्या वेळी करत राहावी. भास-संशयाच्या आजारावरच्या ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी भूक आणि साखर वाढते, तेव्हा वजन लिहीत जा. मूल होऊ द्यायच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (बायपोलर आणि फिटचं औषध) लिहून दिलं असेल, तर गर्भाला धोका असतो, हे डॉक्टरशी उघड बोलून घ्यावं.

खर्चाचं सांगतो. यातली बरीच औषधं जनऔषधी केंद्रात जेनेरिक नावाने खूप स्वस्त मिळतात. फक्त कंपनी दर महिन्याला बदलू नका, आणि बदलली तर डॉक्टरला सांगा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शरीराच्या आजाराला मिळतं तसंच विमा संरक्षण मनाच्या आजारालाही द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्कही त्यात आहे. ऑफिसला किंवा सासरला कळवायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

रात्री-बेरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीवाला धोका दिसत असेल तर १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत न्या. त्या वेळी मनोविकारतज्ज्ञ शोधत बसू नका.

प्रतापनगरच्या ताईंना मी एक छोटी वही दिली होती. रोज एक ओळ, एवढंच. झोप किती, गोळी घेतली का, आणि त्या दिवशीची एखादी गोष्ट. परवा त्यांनी ती काउंटरवर उघडून दाखवली. नव्या गोळीच्या नवव्या दिवशी लिहिलं होतं, 'झोप ४ तास. मळमळ. उद्यापासून बंद करणार.' त्याखाली वेगळ्या पेनने, 'डॉक्टरांना फोन केला. सकाळी घ्यायला सांगितली.' मग मधली पंधरा-वीस पानं नुसते आकडे. आणि सव्विसाव्या दिवशी, 'झोप ६ तास. दुपारी पोरीच्या केसांना तेल लावलं.'

ते पान त्यांनी पुढच्या भेटीसाठी दुमडून ठेवलं आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम घेतल्या.